आवळलेले ताशे

उपचारानंतर यमुना गोसावी नदीकाठच्या सरावाला पहिल्यांदाच आली. पथकाचे सगळे ताशे एकदम कडाडले आणि तिचे दोन्ही हात आपोआप कानांवर गेले.

"नवे कान नाजूक निघाले," पथकप्रमुख शिरीषदादा हसला. "यमे, यंदा तू ध्वज धर."

बरीच वर्षं ताशा वाजवून तिच्या कानातल्या ऐकण्याच्या पेशी मेल्या होत्या. औषधाने त्या पुन्हा उगवल्या होत्या. पथकात हे औषध घेणारी ती पहिलीच, आणि तिला ताशांची आघाडी परत हवी होती.

"दादा, ताशे फार आवळलेत."

"ते तूच आवळायचीस की!"

"तेव्हा मला बारीक आवाज ऐकूच येत नव्हता. म्हणून तो ऐकू येईपर्यंत कातडं आवळत गेले. तुम्हालाही येत नाही, म्हणून तुम्ही आणखी आवळलेत."

वादक एकमेकांकडे बघू लागले.

"कर सैल," दादा म्हणाला. "पण बसका आवाज आला, तर आघाडी विसरायची."

यमुनेने एकेक ताशा बोटाने वाजवून सैल केला. मग स्वतःचा गळ्यात अडकवून तिने सुरुवात केली आणि बाकीचे ताशे तिच्यामागे वाजू लागले. प्रत्येक ठोका स्वच्छ, वेगळा ऐकू येऊ लागला.

"दबला की आवाज," दादा पुटपुटला.

"वर बघा," यमुना हात न थांबवता म्हणाली.

पुलावर रोज कानांत बोटं घालून उभी राहणारी पोरं आता कठड्यावर ताल धरत होती. त्यांतली काही तर ताशांच्या दिशेने पायऱ्या उतरत पळत येत होती.

दादा ओरडला, "यमे, थांबू नकोस! लय वाढव!"