दोन ठिपके

सुताराची जुनी पटाशी म्हातारीनं प्रदर्शनाच्या टेबलावरून सरळ उचलली. "आजी, हात लावू नका!" संग्राहक धावले. चिठ्ठीवर लिहिलं होतं: 'विलायती बनावटीची, कारागीर अज्ञात.'

"कसली विलायती! आमच्या माहेरच्या भट्टीतली हाय." तिनं मुठीखालचे दोन ठिपके नखानं दाखवले. "ही आमची खूण."

त्यांनी भिंगातून पाहिलं आणि ओशाळून पेन काढलं. "वडिलांचं नाव सांगा."

"गेनू लोहार."

नाव लिहून त्यांनी पटाशीसाठी हात पुढे केला. तिनं ती पदराआड धरली.

"बा सांडशीत लोखंड धरायचा. घण आई मारायची, मी पोटात असतानाबी. एक ठिपका त्याचा, एक तिचा. तिचं नाव चांगुणा. आधी लिवा, मग देते."