दातदुखी

अम्मानच्या डबिंग स्टुडिओत वाएल जपानी कार्टूनचे संवाद अरबीत लिहायचा. या मालिकेतल्या दारूचं त्यानं निमूट सरबत केलं होतं. नायकाच्या मित्राची प्रेयसी त्याची सख्खी बहीण झाली होती. आज मात्र तो अडला. पडद्यावर नायक बायकोच्या थडग्यापाशी बसून रडत होता.

"मुलांच्या कार्यक्रमात कुणी मरत नाही," साहेब, म्हणजे अबू रियाद, म्हणाले. "तिला कुठंतरी पाठव."

"अहो, मूळ चित्रकथेत ती मरते. हे पान बघा. मुलांशी किती खोटं बोलायचं?"

"तू जपान्यांचा वकील आहेस का? बोल, बाई कुठं गेली?"

वाएलला विचार करावा लागला नाही. "बहिणीकडं. बहीण आजारी आहे, ती बरी झाली की येईल."

"वा! तुला बरं पटकन सुचतं."

"मग हा रडतोय कशाला?" वाएलनं विचारलं.

"दात दुखतोय त्याचा."

"आणि समोरचा दगड?"

"दातांच्या डॉक्टरची पाटी."

शुक्रवारी तो भाग टीव्हीवर लागला. वाएल सहा वर्षांच्या लेकीला, जुमानाला, मांडीवर घेऊन बघत होता. नायक पाटीपुढं बसून दातासाठी रडायला लागला, तसं वाएलनं तोंड फिरवून डोळे पुसले.

जुमानानं हळूच त्याच्या गालाला हात लावला.

"बाबा, आई आजारी मावशीकडं गेल्यापासून तुझाही दात दुखतोय ना?"