सगळ्यांत आधी ‘घेते’

“थांब, पाठवू नकोस!” लेकीने आईच्या हातातला फोन जवळजवळ हिसकावलाच.

आईने मेल लिहून तयार ठेवला होता. ‘माझे नाव अनुवादकांच्या यादीतून काढावे, ही विनंती.’

“तीन आठवडे काम नाही म्हणून लगेच हात टेकायचे?”

“अकरा कामं हुकलीत,” आई म्हणाली. “मेल दिसला की मी तिथल्या तिथे ‘घेते’ असं लिहिते. तरी उत्तर येतं, काम दिले गेले आहे. बोटं चालत नाहीत गं आता माझी.”

एजन्सीची रीतच तशी होती. शिलाई मशीन असो, मिक्सर असो, त्याच्या माहितीपत्रकाचं काम आलं की सातही अनुवादकांना एकदम एकच मेल जायचा. ज्याचा होकार आधी, त्याचं काम.

“बोटांना काय धाड भरलीय!” समोर बसलेली शेजारची मावशी म्हणाली. तीही त्याच यादीत होती. तीन आठवड्यांपूर्वी नवा फोन घ्यायचं तिनेच सुचवलं होतं. ‘डोळे झाकून घे, मेल पडला की टिंग!’ मग दोघींनी एकाच दिवशी, एकाच दुकानातून, एकाच रंगाचे फोन घेतले. “पण थकली असशील तर सोड बाई. जिवापेक्षा का काम मोठं आहे?”

“सोडबिड काही नाही,” लेक म्हणाली. परवाच विज्ञानाच्या प्रयोगात ती वर्गात पहिली आली होती, त्यामुळे सध्या तिला जगातलं कुठलंही कोडं सुटण्यासारखं वाटत होतं. “आपण प्रयोग करू. मी तुम्हा दोघींना एकच मेल पाठवते. एक, दोन, तीन!”

टिंग. मावशीच्या पर्समध्ये.

आईचा फोन टेबलावर गप्प. एक मिनिट गेलं. दोन गेली. मावशीने पर्स मांडीवरून उचलून खाली ठेवली.

“फोन तोच, घर तेच, वायफाय तेच,” लेक पुटपुटली आणि आईच्या फोनच्या सेटिंगमध्ये शिरली. मग एकदम किंचाळली, “सापडलं! आई, बघ! मेल कधी तपासायचा? पंधरा मिनिटांनी, अर्ध्या तासाने, तासाने. ‘लगेच’ नाहीच यात! फोनबरोबर आलेलं हे मेलचं अॅप लगेच मेल आणतच नाही. अर्ध्या तासाने दार उघडून बघतं, कुणी आलंय का! तुझी बोटं ठणठणीत आहेत गं!”

आईच्या चेहऱ्यावर कितीतरी दिवसांनी हसू आलं. “म्हणजे मला मेल दिसेपर्यंतच...”

“आहेच मेलं ते अॅप तसलं,” मावशी हसत म्हणाली. “म्हणून तर मी पहिल्याच दिवशी दुसरं...”

ती थांबली. चहाचा कप तिने उचलला, तो रिकामा होता.

लेक अजून हसतच होती. हसू कुठे ठेवावं ते तिला कळेना.

“पहिल्याच दिवशी,” आई म्हणाली.

“अगं, सांगणारच होते. राहून गेलं.”

“मी रोज संध्याकाळी तुझ्याकडे येऊन रडत होते. तू म्हणायचीस, बाजारच थंड आहे, मलाही कुठे काय मिळतंय.”

“माझंही घर आहे गं,” मावशी अगदी हळू म्हणाली.

 लेकीच्या हातातून फोन घेऊन आईने लिहिलेला मेल पुसून टाकला, एकेक अक्षर करत. मावशी उठली, चप्पल घालू लागली.

“किल्ली ठेवून जा,” आई म्हणाली.

मायलेकींच्या घराची दुसरी किल्ली सात वर्षं मावशीकडे होती. मावशीने जुडगा काढला. जुडग्याच्या कडीची फट नखाने उघडेना. नख निसटत होतं, किल्ली फिरून फिरून तिथेच येत होती.

आईने दोनदा मान दुसरीकडे वळवली. मग पुढे झाली, मावशीचा हात आपल्या हातात घट्ट धरला आणि स्वतःच्या नखाने ती कडी उघडून दिली.