वळणापर्यंत

आमानसाहेबांना घाम येत नव्हता.

बेन्त्सच्या घरापुढच्या बाकावर ते अर्धा तास बसून होते. कोट काढून ठेवलेला, आणि शर्टाच्या आत, डाव्या काखेत, पावाचा एक तुकडा दाबून धरलेला. कुत्रा न्यायला आलेल्या माणसाला हेही करावं लागतं, हे शहरात त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. पण बेन्त्सच्या म्हाताऱ्या आईने स्वच्छ सांगून टाकलं होतं, तुमच्या घामाचा पाव खाल्ल्याशिवाय आमचा रिंगी तुमच्यामागे येणार नाही.

"लाकडं फोडा," म्हातारी म्हणाली. "दोनचार ओंडक्यांत येईल घाम."

साहेबांनी खरंच कुऱ्हाड उचलली. काख आवळून, एका हाताने. बेन्त्सने हसू लपवायला तोंड फिरवलं.

बेन्त्सची बायको स्टीनी आतून खिडकीतून बघत होती. धुतलेला कप तिने पुन्हा धुतला. मागे पाळण्यात पोरगी झोपलेली, आणि पाळण्याला पाठ टेकून रिंगी. काळाभोर, वासराएवढा, डोळ्यांवर तांबूस ठिपके, छातीवर पांढरा क्रूस आणि गळ्याभोवती पांढरं कडं. असं कडं असलेल्या कुत्र्याला खोऱ्यातल्या प्रत्येक घरात रिंगीच म्हणतात. साहेबांनी आल्या आल्या त्याची उंची टेपने मोजली होती, छाती मोजली होती, ओठ उचलून दात पाहिले होते.

"सून आणताना आम्हीसुद्धा एवढं बघितलं नव्हतं," म्हातारी म्हणाली होती.

"आजी, शहरात सगळ्यांना परदेशी कुत्र्यांचं वेड लागलंय," साहेब वही मिटत म्हणाले होते. "हे आपले गुरं हाकणारे, दूधगाडी ओढणारे, यांची कुणी साधी नोंदसुद्धा ठेवलेली नाही. दहा वर्षांत धड एक उरायचा नाही."

"कसा उरेल? तुम्ही नेल्यावर?"

बेन्त्स पाणी प्यायला आत आला तेव्हा स्टीनी हळूच म्हणाली, "अजून नाही म्हणून सांगता येईल त्यांना."

"लांगनाऊच्या बाजारात चारचौघांसमोर सौद्यावर हात दिलाय मी. आणि गाडी ओढायला आता घोडी आहे की आपल्याकडे."

"घोडी पाळण्यापाशी बसेल का?"

बेन्त्सने पेला रिकामा केला. त्यालाही ठाऊक होतं. सकाळ-संध्याकाळ बारा गाई पिळायच्या, आणि गोठा घराच्या पार दुसऱ्या टोकाला. म्हातारीला ऐकू कमी येतं. पोरगी नुसती कुरकुरली तरी रिंगी गोठ्यात येऊन स्टीनीच्या कोपराला नाक लावायचा. ऐन थंडीत एकदा नाक लावून थांबला नाही, बाहीच दातात धरून ओढत घेऊन आला. पाळण्यातलं पांघरूण पोरीच्या तोंडावर गेलं होतं. तेव्हापासून स्टीनी निर्धास्तपणे, दोन्ही हातांनी दूध काढू शकत होती.

"लोक काय म्हणतील? बायकोने शब्द फिरवायला लावला?" एवढंच बोलून बेन्त्स बाहेर गेला.

अखेर साहेबांच्या कपाळावर घाम आला. म्हातारीने काखेतला पाव काढायला लावला, हातात घेऊन दाबून पाहिला, म्हणाली, "चालेल. दमट आहे."

बाहेर आणलेल्या रिंगीने तो पाव हुंगला. मग साहेबांकडे पाहिलं, मग बेन्त्सकडे. बेन्त्सने मान डोलावली, आणि रिंगीने तो खाल्ला. नीट, काही न सांडता, त्याच्या पद्धतीने.

"आता ऐका सगळ्यांनी," म्हातारी म्हणाली. "खालच्या वळणापलीकडे जाईपर्यंत घरातल्या कुणी त्याचं नाव घ्यायचं नाही. शीळ नाही, टाळी नाही. हाक मारली की पाव फुकट, आणि सौदाही मोडला. मग कुत्रा परत घरचा. साहेब, तुम्ही मागे बघू नका."

"हे तुम्ही खरंच मानता?" साहेबांनी विचारलं.

"माझ्या सासऱ्यांनी एकदा मानलं नव्हतं. कुत्रा विकून परतले, तर तो त्यांच्या आधी घरी पोचलेला."

दोर साहेबांच्या हातात गेला. रिंगी उतरणीने चालू लागला, जड, सावकाश. सफरचंदाच्या झाडापाशी थांबला. पुन्हा निघाला. कुंपणाशी थांबला. गोठ्यात गाई हंबरायला लागल्या होत्या, पिळायची वेळ झाली होती.

स्टीनी उंबऱ्यात उभी होती. ओठ आत घेऊन दातांखाली धरलेले. बेन्त्स तिच्याकडेच बघत होता.

"नाव घेऊ नकोस."

"घेतलंय का मी?"

वळण आणखी पन्नास पावलांवर असेल, तेवढ्यात आत पोरगी जागी झाली. आधी कुरकुर, मग भुकेचं रडणं, सगळ्या खोऱ्यात ऐकू जाईल असं. स्टीनी धावत आत गेली आणि तिला घेऊन पुन्हा उंबऱ्यात आली.

खाली दोर ताणला गेला. रिंगी बसला होता. साहेब दोन्ही हातांनी ओढत होते, आणि ते ओझं जागचं हलत नव्हतं.

म्हातारीने पोरीच्या लाल झालेल्या तोंडाकडे पाहिलं. "अगं, पाज की तिला."

"पाजते."

स्टीनीचा पान्हा फुटला होता. अंगातल्या कपड्यावर दोन ओले डाग पसरत चालले होते. तिने पोरीचं तोंड वळणाकडे करून तिला खांद्याशी उंच धरलं, आणि बटणाला हात लावला नाही.