सहीपुरती जागा

"वरचं पान आईले दाखवू नको," धर्मेंद्र म्हणाला आणि अमरावतीच्या छापखान्यातून तपासायला आणलेला कागदांचा गठ्ठा त्यानं ओट्यावर, पिठाच्या परातीशेजारी ठेवला.

पौर्णिमानं हात ओढणीला पुसले. कडेवरची लेक कागदांकडे झेपावली, तिला तिनं दुसऱ्या कडेवर घेतलं. वरच्या पानावर मधोमध सासूचा फोटो होता. त्याच्या वर पुस्तकाचं नाव, 'माह्या पोरी'. खाली ठळक अक्षरांत 'कालकथित सुंदराबाई', गेलेल्या माणसाच्या नावाआधी लावतात तसं. त्याखाली जन्माचं साल. त्याहून खाली 'निधन', दोन टिंबं, आणि पुढे रिकामी जागा.

भिंतीपलीकडे सुंदराबाई खोकली.

"छापखान्यावाल्याची चूक हाय ना?" पौर्णिमानं हळूच विचारलं.

"चूक कायची? मीच सांगितलं तसं."

"आई जित्या हायेत."

"मले नाही समजत का?" त्यानं आवाज दाबला. "डॉक्टर काय म्हणाले, तुनंही ऐकलं. आता छापलं तर प्रकाशनाले कोण येते? चार खुर्च्या अन् आपण दोघं. खोके पलंगाखाली सडतीन. माणूस गेल्यावर पुण्यानुमोदनाले सारा तिवसा येते. अकोल्याचे येतीन, तेल्हाऱ्याचे येतीन. हातोहात जाईन पुस्तक. माह्या दोस्तानं, शेखरनं, त्याच्या बाबाचं तसंच केलं, लोकं अजून नाव काढतात."

"त्याच्या बाबानं पाहिलं का मग ते पुस्तक?"

धर्मेंद्र बूट काढायला वाकला. "तयार राहिलं म्हणजे बरं असते," तो खाली बघतच म्हणाला. "तारीख टाकली का झालं."

पौर्णिमानं ते पान गठ्ठ्यावरून उचललं आणि परातीखाली सरकवलं.

दुपारी लेक छातीशी असायची, सासू पलंगावरून सांगायची आणि पौर्णिमा मोकळ्या राहिलेल्या एका अंगठ्यानं मोबाईलवर उतरवायची. असंच झालं होतं हे पुस्तक. अकोल्याच्या मुलींच्या वसतिगृहात सुंदराबाईनं जन्मभर पोळ्या लाटल्या, त्या पोरींच्या गोष्टी. "आई, हे वाक्य दोनदा आलं, एक काढू का?" असं एकदा तिनं विचारलं, तर सासू म्हणाली, "राहू दे वं. पोळी त्या पोरीनं दोनदाच मांगली होती." सगळं सांगून झाल्यावर छापखान्यासाठी सासूचा एकच निरोप होता. पह्यल्या पानावर सहीपुरती जागा सोडजो म्हणा. सही तिला त्या पोरींनीच शिकवली होती. आता ती त्यांनाच सही करून पुस्तक देणार होती. जुन्या पेपरच्या कडेकडेनं रोज सराव चालायचा.

"पौर्णिमा, आलं का वं माह्यं पुस्तक?"

तव्यावरची भाकरी तशीच सोडून पौर्णिमा गठ्ठा घेऊन आत गेली. सुंदराबाईला उठून बसवत नव्हतं. तिनं कागद पोटावर ठेवून घेतले. श्वासाबरोबर ते खाली-वर होत राहिले.

"जड हाय वं," ती हसली. "पोरी जेवतही लय होत्या."

मग तिनं कागद चाळले. पुन्हा पहिल्यापासून चाळले.

"पह्यलं पान?"

"ते चुकलं, आई. बदलून आणतीन उद्या."

"चुकलं तर चुकलं. दाव."

"आई, नवं आलं का मग..."

"लिहिनारी मीच हावो ना?" सुंदराबाई म्हणाली. "मंग दाव."

धर्मेंद्र दारात येऊन उभा होता. त्यानं पौर्णिमाकडे बघून नाही म्हणून मान हलवली. लेक तिच्या गळ्यातला धागा तोंडात घालून चोखत होती. मग तिनं लेकीला त्याच्या हातात दिलं, स्वयंपाकघरात गेली आणि ते पान घेऊन आली. एका कोपऱ्याला पीठ लागलं होतं.

सुंदराबाईनं चष्मा चढवला. ती वाचायची तसंच वाचू लागली, एकेका अक्षराखाली बोट ठेवून. पुस्तकाचं नाव झालं. बोट फोटोवरून खाली आलं आणि पहिल्या शब्दाशी थांबलं. तिथं ते बराच वेळ राहिलं. मग स्वतःचं नाव. मग जन्माचं साल. मग शेवटची ओळ, ती दोन टिंबं, आणि त्यापुढची कोरी जागा. कागदाच्या कडेपर्यंत बोट तसंच सरकत गेलं. तव्यावरची भाकरी करपल्याचा वास घरभर झाला. कोणीच हललं नाही.

"पेन दे."

उशाखाली निळं जेल पेन होतंच. पौर्णिमानं टोपण काढून दिलं आणि पानाखाली पाट धरला. सुंदराबाईनं सही केली. वेळ लागला. अक्षरं एकमेकांपासून सुटी सुटी, पोरींनी शिकवली होती तशी, आणि खाली एक रेघ. त्या टिंबांच्या पुढं, बरोबर त्या कोऱ्या जागेत.

"पुरली जागा," ती म्हणाली.

मग तिनं पान पुढं केलं. पौर्णिमानं हात लांब केला, पण ते तिच्यासाठी नव्हतं.

"धर्मा, घे. पह्यली प्रत तुही."

पौर्णिमानं लेकीला परत घेतलं. धर्मेंद्र पलंगाशी आला. त्यानं दोन्ही हातांनी पान धरलं. त्याच्याकडे न बघता, सवयीनं, तो ते दुमडून शर्टाच्या खिशात घालायला गेला.

"ओली हाय रे अजून," सुंदराबाई म्हणाली. "घडी नको करू."