दुसरी बॅटरी

चावी फिरवली तशी इंजिन नुसतं ‘टक्’ म्हणालं आणि गप्प बसलं. मथुराने पुन्हा फिरवली. पुन्हा टक्. आठवड्यातली ही चौथी सकाळ. शेजारच्या होड्या एकेक करून बाहेर पडत होत्या आणि जाता जाता प्रत्येकजण तिच्याकडे एक नजर टाकत होता. बाईमाणसाने होडी हातात घेतली की हे असंच व्हायचं, एवढं सगळं त्या एका नजरेत मावत होतं.

दाजी हाक मारायच्या आधीच हजर. गुडघाभर पाण्यातून, खांद्यावर लोखंडी हँडल टाकून ते आले. दाजी म्हणजे तिचे सासरे. वय बहात्तर. सगळा वाडा त्यांना दाजी म्हणतो म्हणून तीही म्हणते. इंजिनवरच्या लाकडी पेटीचं झाकण उघडून ते आत वाकले, जरा खुडबुडले, मग हँडल बसवून दात आवळून फिरवलं. तिसऱ्या फेऱ्याला इंजिनने धूर ओकला. झाकण लावून, छातीवर हात दाबत, दाजी पुढे जाऊन बसले. भर समुद्रात इंजिन बंद पडलं तर हँडल मारणार कोण? तिने एकदा मारून पाहिलं होतं. हँडल उलटं फिरलं आणि मनगट सहा आठवडे प्लास्टरमध्ये गेलं. म्हणजे दाजींना नेणं आलंच.

मथुराला त्या छातीवरच्या हाताची धास्ती होती. डॉक्टरांनी दाजींना पाण्याची कळशीसुद्धा उचलायची नाही म्हणून बजावलेलं, आणि हा माणूस रोज सकाळी डिझेल इंजिनशी कुस्ती खेळत होता. चार वर्षांपूर्वी तिचा नवरा मंगेश ह्याच होडीतून एकटा गेला. होडी सापडली, मंगेश नाही. आता म्हाताऱ्याला काही झालं तर ते आपल्यापायी, या विचाराने तिचा डोळा लागत नव्हता. तिने मनाशी ठरवलं, दाजींना घरी बसवायचं आणि जाळी आपण एकटीने ओढायची.

बॅटरी नवीन घेऊन झाली होती. तीही रात्रीत उतरली. शेवटी तिने रोनीला बोलावलं. रोनी गोव्यात पर्यटकांच्या बोटींवर वायरमन होता. त्याने दुपारभर एकेक वायर तपासली, कुठेच काही सापडलं नाही.

“वयनी, करंट खंय जाता ता माका गावणा नाय,” तो म्हणाला. “पण खाणारो खावंदे. आपण तेका वेगळी बॅटरी देवया.”

त्याने दुसरी बॅटरी बसवली आणि दोन्हींच्या मधे, अंगावर उभ्या पट्ट्या असलेला एक ॲल्युमिनियमचा ठोकळा. त्याला आयसोलेटर म्हणतात. चालत्या इंजिनचा एकच डायनामो आता दोन्ही बॅटऱ्या भरणार होता. दिवे, पंप आणि मासे दाखवणारा स्क्रीन एका बॅटरीवर, आणि दुसरी फक्त इंजिन सुरू करायला. पहिली पार रिकामी झाली तरी दुसरीतला थेंबभर करंट तिला ओढता येणार नव्हता.

दाजी हे सगळं काठावरून बघत होते. “ह्या सगळा कित्याक? माझे हात आसत ना?” एवढंच म्हणाले आणि पाठ फिरवली. मथुराला वाटलं, पुरुषाचा मान दुखावला. दुखावू दे.

दुसऱ्या दिवशी तिने चावी फिरवली आणि इंजिन पहिल्या झटक्यात गरजलं. दाजी हँडल घेऊन अर्ध्या पाण्यात पोचले होते, ते तिथेच थांबले.

“दाजी, घराक जावा. आज मी एकटीच जातंय.”

दाजी पुढे आले आणि त्यांनी होडीची कड धरली. “सोडा,” ती म्हणाली. त्यांनी सोडली नाही. धरू देत, म्हणून तिने तेवढ्यात पेटीचं झाकण उघडलं. ठोकळा फार तापत नाही ना ते बघ, असं रोनीने सांगितलं होतं.

आत, इंजिन बघायला टांगलेला जीपच्या हेडलाइटचा जुना बल्ब मरत मरत लालसर जळत होता. बटण चालू. काल संध्याकाळी तिने ते स्वतः बंद केलं होतं, आणि झाकण लावल्यावर आतला उजेड बाहेरून दिसत नाही. ती बघतच राहिली. रोज अंधार पडता पडता ‘दोर बघून येतंय’ म्हणून होडीवर कोण येतं? आणि रोज सकाळी या पेटीत सगळ्यांच्या आधी कोण वाकतं? आज इंजिन आपणहून सुरू झालं, म्हणून बटण बंद करायला कोणाला वाकता आलं नाही.

तिचं डोकं तापलं.

“दिवो तुमी चालू ठेवतास?”

“होय.”

“रोज?”

“रोज.”

“कित्याक, दाजी? सगळी दर्यावर माका हसतत. माझ्यार भरवसो नाय तुमचो?”

दाजींनी मान खाली घातली. होडीच्या कडेवरची बोटं मात्र ढिली झाली नाहीत.

“भरवसो आसा गो. मंगेशार पण होतो. त्या दिवशी मी हयसरच, ह्या काठार उभो होतंय, काळोख पडापर्यंत.” ते दम खायला थांबले. “हँडल मारूची ताकद माझ्यात अजून आसा, मथुरा. हयसर उभ्यान वाट बघूची नाय रवली.”