तिखट कान

"म्हातारबा, सकाळी काय खाल्लंत?" डॉक्टर चिटांबोंनी विचारलं.

"रताळी," सिम्फुक्वे म्हणाला.

"बायकोचं नाव?"

"एस्नाथ."

"उत्तम ऐकू येतंय की हो तुम्हाला!" डॉक्टरांनी कागदावर खूण केली. किट्वेजवळच्या तांब्याच्या खाणीत एकवीस वर्षं दगड फोडणाऱ्या क्रशरवर काढलेल्या माणसाच्या कानांची तपासणी तेवढ्यात आटोपली. कान तपासायचं यंत्र कोपऱ्यात होतं, पण ते कधीच बिघडलं होतं. सध्या त्याचा उपयोग डॉक्टरांची हॅट ठेवायला होत होता.

सिम्फुक्वेला यातला एक शब्दही ऐकू आला नव्हता. क्रशरच्या गडगडाटात हाका मारून काही उपयोग नसतो, म्हणून तिथं सगळे एकमेकांचे ओठ बघूनच बोलतात. त्याच्या घरी एस्नाथसुद्धा आधी खांद्याला हात लावायची आणि मग बोलायची. गेल्या महिन्यात यंत्राचा पट्टा सुरू होण्याचा भोंगा त्याला ऐकू आला नाही. पट्ट्यात ओढला जाता जाता सोबत्यानं कॉलर धरली, म्हणून तो वाचला. त्याला फक्त क्रशरवरून सुटका हवी होती.

"साहेब, मी ओठ वाचतोय. पाठीमागून विचारून बघा."

"पाठीमागून विचारायचं नियमात नाही," डॉक्टर म्हणाले आणि त्यांनी त्याला काचेबाहेर बसायला सांगितलं.

काचेआड तिघांची समिती निर्णय घेऊ लागली. खाणीकडून आलेले अध्यक्ष डॉक्टरांच्या कानाशी वाकले. सिम्फुक्वेनं त्यांचे ओठ पाहिले. मग तो उठला आणि न विचारता आत गेला.

"'ठार बहिरा आहे, पण याला बहिरा ठरवलं तर उद्या अख्खा क्रशर बहिरा निघेल.' असं म्हणालात ना, साहेब?"

डॉक्टरांच्या हातातलं पेन गळून पडलं. अध्यक्षही क्षणभर गोरेमोरे झाले. मग त्यांचा चेहरा खुलला.

"बघा, बघा! बंद काचेपलीकडची कुजबुज ऐकली यांनी! लिहा डॉक्टर, कान तिखट. सोमवारपासून क्रशरवर हजर."

डॉक्टरांनी मान खाली घालून लिहिलं.

सिम्फुक्वे बाहेर आला. व्हरांड्यातल्या बाकांवर क्रशरचे तीस कामगार आपापल्या पाळीची वाट बघत बसले होते. तो त्यांच्यासमोर उभा राहिला आणि नुसते ओठ हलवत त्यानं आत घडलेलं सगळं सांगितलं. मागच्यांना दिसत नव्हतं, त्यांना पुढच्यांनी वळून तसंच सांगितलं. कोणाच्या तोंडून हूं की चूं निघालं नाही. एकेक जण उठला आणि दाराकडे चालू लागला.

आत समितीनं चहा मागवला होता. दार उघडून तीस माणसं समोर उभी राहीपर्यंत त्या शाबूत कानांच्या तिघांना काहीही ऐकू आलं नाही.